दुरुस्ती की बदल : ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील कॅमेऱ्याचा इतिहास

बिघडलेला डिजिटल कॅमेरा दुरुस्त करावा की त्याऐवजी अधिक क्षमतेचा नवा घ्यावा, हा प्रश्न नवी मुंबईतील आजच्या ग्राहकाला पूर्णपणे खासगी आणि पैशांच्या हिशेबाचा वाटतो. परंतु या परिसरातील कॅमेऱ्याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याचे उत्तर ग्राहकाच्या इच्छेपेक्षा सरकारचे आयात धोरण, सुटे भाग मिळण्याची शक्यता, यंत्राची अंतर्गत रचना आणि कोकणपट्टीची दमट हवा यांनीच अधिक वेळा ठरवलेले दिसते. नवी मुंबईचा स्वतःचा इतिहास लहान आहे. हे शहर वसवण्यासाठी 'सिडको' म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले, आणि त्यामुळे येथील कॅमेरा-व्यवहाराची मुळे खाडीपलीकडच्या मुंबईत शोधावी लागतात.

मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण सुरू झाले. तेथूनच हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पहिल्या पिढीतील भारतीय व्यावसायिक छायाचित्रकार पुढे आले. त्या काळातील कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, चामड्याचा किंवा कापडाचा घडीदार भाता आणि पितळी नळीतील भिंग. युरोपच्या थंड हवेसाठी बनवलेल्या पेट्यांचे लाकूड येथील उन्हाळ्यात तडकत असे आणि पावसाळ्यात फुगत असे, त्यामुळे सांध्यांतून प्रकाश शिरून आतील संवेदनशील लेपाची काच खराब होई. इंग्लंडमधील निर्मात्यांनी पुढे खास उष्ण प्रदेशांसाठी सागवानी लाकडाचे, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेले कॅमेरे बनवले, ते याच अनुभवातून. या कॅमेऱ्याच्या दुरुस्तीसाठी लागणारे कसब मुंबईत आधीपासूनच होते, कारण सुतार, तांबट आणि चर्मकार यांच्या हातांना त्यातील जवळजवळ प्रत्येक भाग ओळखीचा होता. फक्त भिंग तेवढे परदेशातून यावे लागे.

चलच्चित्राचा कॅमेरा आला तेव्हा ही ओळख तुटायला हवी होती, पण तसे झाले नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडमधून मागवलेल्या कॅमेऱ्याने १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले, आणि काही वर्षांनी त्यांनी तो कॅमेरा विकल्यावर करंदीकर, पाटणकर व दिवेकर यांनी त्यावर पुढील काम केले. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळातच एका यंत्राचे दुसऱ्या मालकाकडे गेलेले आयुष्य नोंदले गेले आहे. त्याहून महत्त्वाचे उदाहरण कोल्हापूरचे आहे. बाबूराव पेंटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, परदेशी यंत्रसामग्री मिळणे दुरापास्त झाले असताना, विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८च्या सुमारास स्वतःचा चित्रपट-कॅमेरा तयार केला आणि 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आला. या घटनेचे वर्णन बहुधा एका कलावंताच्या प्रतिभेची गोष्ट म्हणून केले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु यंत्राच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, तोपर्यंतचा कॅमेरा उलगडून पाहता येत होता, त्याचे काम डोळ्यांनी समजून घेता येत होते आणि लेथवर त्याचा भाग पुन्हा घडवता येत होता.

स्वातंत्र्यानंतरच्या परवाना पद्धतीत दुरुस्ती हा पर्याय उरला नाही, ती सक्तीच झाली. परवाना पद्धत म्हणजे परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर घातलेले सरकारी नियंत्रण, आणि कॅमेरा ही त्या दृष्टीने चैनीची वस्तू होती. देशात बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीत बनणारा 'आग्फा क्लिक थ्री' सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला, पण त्याची यंत्रणा मुळातच इतकी साधी होती की त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. चांगला जपानी किंवा जर्मन कॅमेरा येई तो परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकाबरोबर, जहाजावर नोकरी करणाऱ्या कोकणी वा गोमंतकीय माणसाबरोबर, किंवा चोरट्या मार्गाने. असा कॅमेरा बंद पडला की त्याचा मालक फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी मार्ग आणि बोरा बाजार यांच्या आसपासच्या दुकानांकडे वळे. तेथील मेकॅनिकांकडे कंपनीची माहितीपुस्तके क्वचितच असत. त्यांच्याकडे होती ती बारीक पेचकस, चिमटे, स्पिरिट, घड्याळाचे तेल आणि निकामी कॅमेऱ्यांनी भरलेले खण. शटर म्हणजे ठरावीक क्षणापुरता प्रकाश आत सोडणारा पडदा. त्यातील वंगण वर्षानुवर्षांत घट्ट झाले की त्याची गती मंदावे आणि चित्र पांढरे पडे, म्हणून तो संपूर्ण उघडून धुवावा लागे. कापडी पडद्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर ते बुजवले जाई, आणि मागच्या झाकणाजवळचा प्रकाशरोधक फोम दमट हवेने चिकट झाला की त्याजागी लोकर किंवा मखमल बसवली जाई. जो दातेरी चकतीचा तुकडा बाजारात मिळत नसे तो दुसऱ्या मृत कॅमेऱ्यातून काढला जाई. या कारागिरांनी एका अख्ख्या पिढीच्या घरगुती आठवणी टिकवल्या, आणि छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांची नावे जवळजवळ कोठेही नाहीत, ही त्या इतिहासाची मोठी उणीव मानली पाहिजे.

याच काळात खाडीच्या पूर्वेस नवे शहर आकार घेत होते. ठाणे खाडीवरील पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला आणि वाशी हा आरंभीचा विभाग वसू लागला. परंतु तेथे राहायला आलेल्या कुटुंबाला कॅमेऱ्याच्या कामासाठी फोर्टच गाठावे लागे, आणि मानखुर्द ते वाशी लोहमार्ग ९ मे १९९२ रोजी सुरू होईपर्यंत तो प्रवास रस्त्यानेच करावा लागे. लोहमार्ग आला तेव्हा आयातीचे निर्बंधही सैल होऊ लागले होते, आणि उरलेले परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणता येईल यावरील मर्यादा, १ एप्रिल २००१ रोजी उठवले गेले. त्यामुळे फोर्टच्या दुरुस्ती-संस्कृतीची शाखा नवी मुंबईत रुजण्याआधीच तिला जन्म देणारी टंचाई संपली. या शहराला कॅमेरा मिळाला तो प्रामुख्याने दुकानाच्या काचेमागचा, वॉरंटीच्या कागदासह आणि जुना परत घेण्याच्या एक्स्चेंज योजनेसह.

मात्र दुरुस्तीच्या परंपरेतील खरी फूट फिल्म आणि डिजिटल यांच्यामध्ये पडली, हा समज तपासून घ्यायला हवा. ती त्याआधीच, यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक रचनेच्या सीमेवर पडली होती. कॅनन कंपनीने १९७६ मध्ये सूक्ष्मप्रक्रियक बसवलेला 'एई-वन' हा कॅमेरा बाजारात आणला, आणि त्या सुमारास शटरचा वेग दातेरी चकत्यांऐवजी विद्युत मंडलाने ठरवण्याची पद्धत सर्वत्र पसरू लागली. मेकॅनिकच्या डोळ्यांना दिसणारा दोष तेथेच अदृश्य झाला. डिजिटल कॅमेऱ्याने ही प्रक्रिया पूर्णत्वाला नेली. त्यात फिल्मच्या जागी संवेदक असतो, म्हणजे प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी सिलिकॉनची पट्टी, आणि त्यामागे अनेक थरांचा सर्किट बोर्ड असतो, ज्यावरील भाग हाताने बदलता येण्याच्या पलीकडे लहान झालेले असतात. 'बोर्ड गेला' हे दुरुस्ती करणाऱ्याचे निदान तेव्हापासून रूढ झाले, आणि त्याचा व्यावहारिक अर्थ असा होता की दोष एका लहान भागात असला तरी संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल. शिवाय संवेदक बदलल्यावर तो भिंगाशी अचूक जुळवावा लागतो आणि त्यासाठी लागणारी संगणक-आज्ञावली कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेर सहसा मिळत नाही.

हवामानाचा जुना प्रश्न या नव्या यंत्रात वेगळ्या रूपाने परतला, आणि त्याची सर्वांत बोलकी घटना २००५ सालची आहे. २००२ ते २००४ या काळात बनलेल्या अनेक कॅमेऱ्यांमध्ये सोनी कंपनीचे सीसीडी या प्रकारचे संवेदक होते. उष्ण आणि दमट प्रदेशांत या संवेदकांच्या आवरणातील बारीक तारांची जोडणी सुटू लागली. परिणामी चित्र जांभळट, रेघारेघांचे किंवा पूर्ण काळे येऊ लागले. ऑक्टोबर २००५ मध्ये एकामागून एक जपानी कंपन्यांनी असे कॅमेरे वॉरंटी संपली असली तरी विनामूल्य दुरुस्त करून देण्याची घोषणा केली. मुंबई आणि नवी मुंबई यांच्या ग्राहकांसाठी हा दोष दूरच्या देशातील बातमी नव्हता, कारण खाडीकाठची हवा नेमकी त्या वर्णनातली होती. ज्यांना त्या घोषणेची माहिती मिळाली त्यांना संवेदक बदलून मिळण्याचा मार्ग मोकळा होता. ज्यांना मिळाली नाही त्यांनी कॅमेरा जुना झाला असे समजून नवा घेतला असण्याचीच शक्यता अधिक. दुरुस्तीचा निर्णय कौशल्याइतकाच माहितीवर अवलंबून असतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

भिंगाला लागणारी बुरशी हा त्यामानाने पुरातन शत्रू. जून ते सप्टेंबरच्या हवेत तिचे कण भिंगाच्या लेपावर वाढतात आणि जाळीसारखे पसरतात. कपाटात लहान दिवा पेटता ठेवणे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालणे हे उपाय घरोघरी होत असत आणि अजूनही होतात. बुरशी वेळेवर पुसली तर भिंग वाचते, पण तिच्या आम्लाने लेप कोरला गेला तर तो डाग कायमचा राहतो. म्हणून बुरशी लागलेल्या भिंगाच्या बाबतीत उशीर हाच सर्वांत महाग पडतो.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नव्या कॅमेऱ्याकडे वळणाऱ्या ग्राहकाला उधळा ठरवणे अन्यायाचे होईल. २००३ ते २०१० या काळात कॅमेऱ्याची क्षमता दोन-तीन मेगापिक्सेलवरून बारा-चौदापर्यंत गेली, म्हणजे चित्रातील बिंदूंची संख्या वीस-तीस लाखांवरून सव्वा-दीड कोटीपर्यंत पोहोचली; अंधुक प्रकाशातील चित्रही खरोखर सुधारले. अशा वेळी छोट्या कॅमेऱ्याची बाहेर येणारी भिंगनळी पडून अडकली आणि तिच्या बदलाचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्यावर गेला, तर बदल हाच शहाणपणाचा निर्णय होता. परंतु त्यानंतर सुधारणेचा वेग मंदावला आणि मोबाइलने छोट्या कॅमेऱ्याची जागाच घेतली: जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे पाठवले गेले होते, तर २०२० मध्ये ही संख्या ९० लाखांच्याही खाली आली. उत्पादन आटले तसे सुटे भागही आटले. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये आणि कोडॅकने २०१२ मध्ये कॅमेऱ्याचा व्यवसाय सोडला, तेव्हा त्यांच्या चालू कॅमेऱ्यांचे भवितव्यही बहुतांशी ठरून गेले.

नवी मुंबईत कॅमेरा ज्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्यांचा हिशेब मात्र घरगुती ग्राहकाहून निराळा राहिला. मूळच्या आगरी-कोळी गावांमध्ये हळदीचा समारंभ रात्रभर चालतो, आणि तो टिपणाऱ्या छायाचित्रकाराच्या यंत्राला उडणारी हळद, घाम आणि उकाडा हे सर्व सोसावे लागते. मध्यम व्यावसायिक दर्जाच्या कॅमेऱ्याच्या शटरचे आयुष्य निर्माते सर्वसाधारणपणे १ ते दीड लाख उघडझापींचे सांगतात. हळद आणि लग्न मिळून एका कामाला चार हजार छायाचित्रे धरली, तर दीड लाखांची मर्यादा सदतीस-अडतीस कामांतच गाठली जाते. शटर हा स्वतंत्र घटक असल्याने तो बदलणे किफायतशीर ठरते, आणि चातुर्मासात लग्ने थांबलेली असताना यंत्र दुरुस्तीला टाकण्यास सवडही मिळते. खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंची छायाचित्रे घेणाऱ्या हौशी मंडळींचे गणित आणखी वेगळे आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. येथे खरी किंमत असते ती लांब पल्ल्याच्या भिंगाची. म्हणून कॅमेरा बदलत राहायचा आणि भिंग दुरुस्त करून जपायचे, हा मार्ग त्यांना परवडत आला. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी भिंग जोडण्याची नवी खाच आणली तेव्हा हा मार्गही अडचणीत आला, जरी जोडकड्यांमुळे जुनी भिंगे पूर्णपणे निरुपयोगी झाली नाहीत.

सरकारी धोरणानेही आता दिशा बदलली आहे. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून अमलात आले, आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे संकेतस्थळ सुरू करून कंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून द्यावी अशी अपेक्षा व्यक्त केली; अपेक्षेचे बंधनात रूपांतर होणे अत्यंत आवश्यक आहे, कारण माहितीपुस्तकाशिवाय काम करणाऱ्या फोर्टच्या मेकॅनिकला यंत्र निदान दिसत तरी होते, आजच्या कारागिराला तेही दिसत नाही. दरम्यान मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात सूक्ष्मदर्शकाखाली डाग देण्याचे कौशल्य पसरले असून, पूर्ण बोर्ड न बदलता त्यावरील एखादाच भाग बदलणे त्यामुळे पुन्हा शक्य कोटीत आले आहे. गेल्या काही वर्षांत तरुण छायाचित्रकारांमध्ये वीस वर्षांपूर्वीच्या सीसीडी कॅमेऱ्यांच्या रंगछटेचे आकर्षण वाढले आहे आणि घरोघरच्या खणांत पडलेले ते कॅमेरे पुन्हा बाहेर येत आहेत. त्यांच्या दुरुस्तीत आता पहिली अडचण संवेदकाची नसून बॅटरीची असते, कारण प्रत्येक कंपनीने, आणि कित्येकदा प्रत्येक मालिकेने, आपल्या मापाची वेगळी बॅटरी वापरलेली आहे.