सोडण्यापूर्वीचे पाच सेकंद



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. मी कामगारांच्या संघटना बांधीत हिंडणारा मनुष्य. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते रात्रपाळीच्या दिव्याखाली. तेव्हा अग्निबाणासारख्या विषयाला मी हात घालावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु यंत्र कोणी चालू करावयाचे आणि कोणी बंद करावयाचे, या एका तंट्यात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली आहेत, आणि आजचा विषय नेमका तोच आहे.

तारीख २८ मार्च २००१. स्थळ श्रीहरिकोटा. जीएसएलव्ही या नव्या अग्निबाणाचे ते पहिलेच उड्डाण होते. उंची ४९ मीटर, वजन सुमारे ४०० टन, आणि माथ्यावर दीड टनाचा उपग्रह. मध्यभागी घनइंधनाचे प्रचंड नळकांडे उभे, आणि त्याला चहूबाजूंनी बिलगलेली द्रवइंधनाची चार नळकांडी. प्रत्येकाच्या तळाशी ‘विकास’ जातीचे एकेक एंजिन.

आता कोणालाही वाटेल की, मधले मोठे नळकांडे आधी पेटवीत असतील. तसे नाही. आधी कडेची चार एंजिने पेटवतात, आणि मधल्याला हात लावीत नाहीत. घनइंधन म्हणजे आपला दिवाळीतला बाण. वात पेटली की मग तुमच्या हाती काही नाही. पळावयाचे आणि पाहावयाचे. द्रवइंधनाचे एंजिन मात्र आपल्या आयांच्या रॉकेलच्या स्टोव्हसारखे असते. पंप मारला, पेटवला, ज्योत निळी झाली का पाहिले. नसेल तर चावी सैल केली, स्टोव्ह विझला. म्हणून जे विझवता येते ते आधी पेटवावयाचे, पाच सेकंदांहूनही कमी वेळ गणकयंत्राने त्याची नाडी पाहावयाची, आणि चारही ठीक असतील तरच जे विझवता येत नाही त्याला अग्नी द्यावयाचा.

त्या दिवशी चारही पेटली. तिघांनी जोर धरला, चौथ्याने धरला नाही. उड्डाणाला एक सेकंद उरला असताना गणकयंत्राने चारही बंद केली. धूर निवला तेव्हा अग्निबाण जागच्या जागी उभा होता. सगळ्या देशाचे डोळे लागलेले असताना झालेली ही फजिती! पण त्या एका सेकंदात तेथील कोणत्याही अधिकाऱ्याला विचारण्यात आले नाही, आणि विचारण्यास वेळही नव्हता. थांबवण्याचा अधिकार आधीच यंत्राच्या स्वाधीन केलेला होता, आणि तो कोणी परत घेतला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पोटात जहाल इंधन भरलेल्या त्या अग्निबाणाजवळ माणसे पुन्हा गेली, दोष निस्तरला, आणि बरोबर तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, तोच अग्निबाण आकाशात चढला. उपग्रह ठरल्या कक्षेत नीट बसला नाही ही गोष्ट खरी. ती वरच्या टप्प्याची उणीव होती, या एंजिनांची नव्हे.

हे सारे दूर आंध्राच्या किनाऱ्यावर घडले, आमचा काय संबंध, असे म्हणू नका. ‘विकास’ एंजिने विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडत आली आहेत. घनइंधनाच्या नळकांड्यांची पोलादी कवचे आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला तयार होतात. साखरेचे गाव म्हणून आपण ते ओळखतो! घनइंधनाचे नळकांडे पेटवून तपासता येत नाही, कारण पेटवले की ते संपले. म्हणून त्याची सारी भिस्त कवच वळणाऱ्यावर, सांधा जोडणाऱ्यावर आणि तो सांधा क्ष-किरणाने पाहणाऱ्यावर असते. आणि घनइंधनाच्या विद्येत ज्यांनी या देशाला उभे केले, ते डॉ. वसंत गोवारीकर पुढे आपल्या पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.

मात्र ही थांबण्याची शिस्त काही पहिल्या दिवसापासून नव्हती. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण ठरले. उलटी मोजणी चालू असताना गणकयंत्राने ‘थांबा’ म्हटले. तज्ज्ञ म्हणाले, चालेल, भरपूर साठा आहे. आणि प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनी यंत्राला बाजूस सारून अग्निबाण सोडला. हे त्यांनी स्वतः पुढे अनेक सभांतून मोकळेपणाने सांगितले आहे. एक व्हॉल्व्ह घाण अडकून उघडाच राहिला होता, आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठी ठेवलेले नायट्रिक आम्ल गळून गेले होते. अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. १८ जुलै १९८० ला दुसरा गेला आणि ३५ किलोंची ‘रोहिणी’ कक्षेत पोहोचली.

समुद्रात लोखंड पडले, माणसे नव्हेत. अमेरिकेत तसे झाले नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ची तीन द्रवइंधन एंजिने साडेसहा सेकंद आधी पेटवून तपासली होती, तिन्ही उत्तम निघाली. दोष घनइंधनाच्या नळकांड्याच्या सांध्यातील रबरी कड्यात होता, आणि तेथे गणकयंत्राची नजर पोहोचत नव्हती. माणसांची पोहोचत होती. थंडीत रबर कडक होते, उद्या उडवू नका, असे ती नळकांडी बनवणाऱ्या कंपनीतील रॉजर बॉइसजोली व त्यांचे सहकारी आदल्या रात्री कळवळून सांगत होते. त्यांच्याच व्यवस्थापकांनी ते मोडून काढले. ७३ सेकंदांनी सात माणसे गेली.

हे वाचताना मला आमच्या पट्ट्यातील एक प्रेस शॉप आठवते. कारखान्याचे नाव घेत नाही. प्रेसला दोन बटणे असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये म्हणून. उत्पादन वाढावे यासाठी एक बटण पट्टीने कायमचे दाबून बांधलेले होते. ऑपरेटरने दोनदा सांगितले. सुपरवायझर म्हणाला, पाळी संपू दे. पाळी संपण्यापूर्वीच त्याची तीन बोटे गेली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातील कामगाराला धोका दिसताच वरिष्ठांना बजावण्याचा हक्क मिळाला. बजावण्याचा, थांबवण्याचा नव्हे. प्रेस शॉप तर त्या यादीतही बसत नव्हते. श्रीहरिकोट्याच्या गणकयंत्राला जे दिले होते ते आमच्या माणसाला कोणी दिले नव्हते.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी श्रीहरिकोट्याला पुन्हा एक जीएसएलव्ही उभा होता. आधीची दोन उड्डाणे २०१० साली फसली होती. स्वदेशी क्रायोजेनिक एंजिनाची लाज राखावयाची होती. घाई असण्यास सर्व कारणे होती. सव्वा तास उरला असता दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना आढळले. १९७९ सालीही गळतीच होती. या वेळी उलटी मोजणी थांबवली, इंधन काढून घेतले, अग्निबाण परत आत नेला, आणि तो टप्पाच बदलला. साडेचार महिने गेले. ५ जानेवारी २०१४ रोजी तो सुटला, आणि उपग्रह जेथे जावयाचा तेथे गेला.