सेंट हेलेनाचा ऑलिव्ह

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर दूर असलेले सेंट हेलेना बेट नेपोलियनच्या बंदिवासामुळे सर्वपरिचित आहे. परंतु याच बेटाच्या ढगाळ माथ्यावर वाढणारा आणि जगात अन्यत्र कोठेही नसलेला ‘सेंट हेलेना ऑलिव्ह’ हा लहान वृक्ष २००३ मध्ये कायमचा नष्ट झाला, याची आठवण फारच थोड्यांना आहे. नावात ऑलिव्ह असले तरी तो त्या झाडाचा सगोत्र नव्हता. बोर ज्यात मोडते त्या बदरी कुलातील तो होता. त्याची पाने वरून गर्द हिरवी, तर खालून दाट लवेची असत आणि फिकट गुलाबी फुले झुबक्यांनी येत.

भारतातून परतणाऱ्या पोर्तुगीज ताफ्याला १५०२ मध्ये हे निर्मनुष्य बेट आढळले. गोव्याजवळील बाणस्तारीच्या लढाईत आदिलशाही पक्षाकडून लढलेला आणि म्हणून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोव्यात नाक-कान कापविलेला पोर्तुगीज सैनिक फेर्नांव लोपिश हा तेथील पहिला रहिवासी. येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांना मांस मिळावे म्हणून पोर्तुगीजांनी सोडलेल्या शेळ्यांनी कोवळी रोपे फस्त केली. १६५९ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीने सरपणासाठी व शेतीसाठी उरलेले रान तोडले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे माजी अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी या बेटावरील मुक्कामात तयार केलेली वनस्पतींची यादी १८१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत या वृक्षाला शास्त्रीय नाव मिळाले; मात्र बेटावरील डायना शिखराजवळ जेमतेम बारा-पंधरा झाडे उरल्याचे निसर्गअभ्यासक मेलिस यांनी १८७५ मध्ये नोंदविले.

पुढे नामशेष मानल्या गेलेल्या या वृक्षाचे एक झाड जॉर्ज बेंजामिन या बेटवासीयाला १९७७ मध्ये कड्यावर सापडले, तेव्हा आशा पल्लवित झाल्या. पण मुळात हा वृक्ष जवळजवळ पूर्णपणे स्व-असंगत होता, म्हणजे स्वतःच्या परागकणांनी त्याच्या फुलांत क्वचितच बीज धरे आणि ज्याचे पराग लागू पडावेत असे दुसरे झाडच राहिले नव्हते. ते झाड १९९४ मध्ये मेले. त्याची फांदी लावून वाढविलेले कलम आणि महत्प्रयासाने रुजविलेली मोजकी रोपे बुरशीला बळी पडत गेली. शेळ्या बेटावर सोडल्या गेल्या तेव्हाच या नाशाची सुरुवात झाली होती. १९७७ चा शोध खरा होता, पण उशिराचा होता. हा वृक्ष ज्या नेसिओटा प्रजातीत (जीनस) मोडे, तीत ही एकच जाती असल्यामुळे २००३ मध्ये जातीबरोबर प्रजातीही संपली.