पेला आणि पंगत

नातू परवा एका जपानी चित्रकथेविषयी सांगत होता. २००४ साली आलेली. टोकियोच्या गिन्झा भागातला बारवाला दुःखी गिऱ्हाईकाची नाडी ओळखून पेला बनवतो. मला आठवले ते आमच्या अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. १८७६ साली तिथे जन्मलेल्या डेबूजीचे, म्हणजे गाडगेबाबांचे, वडील झिंगराजी दारूपायी गेले. पोर आजोळी दापुऱ्याला वाढला. पुढे मुलीच्या बारशाला जातभाई मटण-दारूची वाट बघत बसले, तर याने गोडाचे जेवण वाढले! भाऊबंद चिडले. माणसापुढे काय ठेवावे, ही पारख त्यालाही होतीच की.

वर्गात मी खराटा नि गाडगे रंगवून सांगत असे, झिंगराजीला मात्र घाईने ओलांडत असे. समोरच्या काही पोरांचे बाप तसेच होते, हे मला ठाऊक होते.