वाट करून देणारा शिपाई

शूर पुरुषाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते, नाही तर बंदूक. मेजर रामा राघोबा राणे यांची आठवण काढायची तर आधी कुदळ, फावडे आणि सुरुंग डोळ्यांपुढे आणावे लागतात. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. शाळा लवकर सुटली. इतिहास वाचला तो पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीत. म्हणून असेल, हा शिपाई आम्हांला आमच्यातला वाटतो.

राण्यांचे गाव कारवारजवळचे चेंडिया. तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. जन्म १९१८ चा. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्या फार आणि मुलाच्या शाळाही तितक्याच. १९४० साली रामा सैन्याच्या मुंबई सॅपर्समध्ये भरती झाला. सॅपर म्हणजे लढाईतला बांधकाम-मजूर : पूल बांधायचे, रस्ते करायचे, पेरलेले सुरुंग काढायचे. महायुद्धात तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता.

पुढे १९४८ चा एप्रिल. नौशेऱ्याहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले होते, आणि डोंगरातला रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, झाडे पाडून बंद केला होता. तो मोकळा करण्याचे काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्या तुकडीकडे आले. ८ तारखेला सकाळी अकराला, कामाला हात लागण्यापूर्वीच तोफगोळे पडले. दोघे ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. उरलेली माणसे गोळा करून त्यांनी काम सुरू केले, ते रात्री दहापर्यंत.

त्यांच्या परमवीरचक्राचे मानपत्र आम्ही वाचले तेव्हा चकित झालो. शत्रूचे किती मारले याचा त्यात आकडाच नाही. आहेत त्या वेळा, अगदी हजेरीपटासारख्या! ९ तारखेला सकाळी सहाला सुरुवात. कोठे पाइनचे ओंडके उडवले, कोठे फुटलेल्या मोरीला वळसा काढला. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड सरताना, पुढे पाच मोठी झाडे आडवी, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. ते काम पहाटे पावणेपाचला पुन्हा धरले आणि साडेसहाला संपवले. त्या दिवशी विश्रांती नाही, अन्न नाही. रात्री नऊपर्यंत काम. ११ तारखेला पुन्हा सहाला हजर. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, तरी हात चालूच, रात्री दहापर्यंत.

जादा पाळीच्या भत्त्यावरून आम्ही आयुष्यभर भांडलो. पण हा हिशेब कोणत्या दराने मांडावा, हे आम्हांलाही उमगले नाही.

हे परमवीरचक्र त्यांना जिवंतपणी मिळाले. १९६८ साली ते निवृत्त झाले. लग्न, मुलेबाळे, प्रपंच, सारे चारचौघांसारखेच होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मध्यंतरी एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले आणि खलाशांनी त्यावर पाळ्या केल्या. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. जवळूनच महामार्ग जातो. मालाच्या गाड्या रात्रंदिवस चालू असतात.