मराठवाड्यातील व्यसनमुक्तीचा इतिहास आणि कुटुंबाचे स्थान

व्यसनमुक्तीचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग मद्यपाननिषेधाच्या चळवळींचे, दुसरे अबकारी कायद्याचे. पहिल्यात मद्यपी मनुष्य पथभ्रष्ट म्हणून येतो, दुसऱ्यात अपराधी म्हणून. त्याच्या घरातील माणसे, विशेषतः त्याची पत्नी व आई, दोन्हींत बहुधा ओझरतीच दिसतात. वस्तुतः व्यसनी मनुष्यासाठी उपाय शोधीत फिरण्याचे काम प्रत्येक काळात मुख्यतः त्यांनाच करावे लागले. व्रत, कायदा व उपचार या तीन मार्गांत कुटुंबास कोणते स्थान मिळत गेले, याचा विचार मराठवाडा, आणि त्यातही औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), दृष्टीसमोर ठेवून येथे केला आहे.

१. व्रत

या भागातील सर्वांत जुना मार्ग व्रताचा होय. एकनाथांचे पैठण याच जिल्ह्यात आहे व वारकरी पंथाची मुळे येथे खोलवर रुजलेली आहेत. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य व मांस वर्ज्य करावयाचे, हा माळकऱ्याचा नियम. माळ गळ्यात उघड दिसते. त्यामुळे व्रताला घराची, आळीची व दिंडीची साक्ष आपोआप मिळते, आणि गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलाला सोबत्यांची लाज वाटते. विसाव्या शतकात गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनांतून दारूवर जे प्रहार केले, त्यांचा श्रोताही हाच कष्टकरी समाज होता.

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेच्या वेळी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत १९५० मध्ये महाविद्यालय स्थापन केले होते, आणि या नगरीच्या वस्त्यांत त्या प्रतिज्ञेला घराघरांतून अनुयायी लाभले. येथे प्रतिज्ञा एकट्याची नव्हती. स्त्रीपुरुषांनी ती बरोबरीने घेतली, हा तिचा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

व्रताचे सामर्थ्य समूहाच्या सोबतीत होते. त्याची मर्यादा मात्र शरीराच्या ठिकाणी उघडी पडते. वर्षानुवर्षे मद्याला सरावलेल्या मनुष्याने ते एकाएकी सोडले, तर कंप, निद्रानाश, झटके व भ्रम उद्भवू शकतात, आणि ही अवस्था प्रसंगी प्राणघातक ठरते. व्रताच्या भाषेत या अवस्थेला नाव नव्हते. ज्याच्याने राहवले नाही त्याचा निश्चय दुबळा, एवढाच निष्कर्ष निघे. पत्नी त्या व्रताची साक्षीदार होती. व्रत मोडले तर त्याची लाजही तिच्याच वाट्याला येई.

२. गुत्ता आणि कायदा

मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. ‘दारूचा गुत्ता’ हा शब्दप्रयोग त्याच ‘गुत्ता’ म्हणजे मक्ता या अर्थातून आला. विक्रीचा हक्क लिलावाने देऊन महसूल मिळविण्याची पद्धती भाषेत अशी कोरली गेली आहे. निजामी राज्यात १३१६ फसलीचा, म्हणजे इ. स. १९०६–०७ चा, हैदराबाद अबकारी कायदा लागू होता व शिंदी आणि दारू यांवरील उत्पन्न हा राज्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार होता. इंग्रजी अमलाखालील मुलुखातही स्थिती निराळी नव्हती. पुण्यात नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी विरोध केला, तो याच महसुली धोरणाविरुद्ध होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर १९५९ च्या विस्तार व दुरुस्ती अधिनियमाने तो कायदा राज्याच्या नव्याने जोडलेल्या प्रदेशांना लागू करण्यात आला. या कायद्यात प्रकृतीच्या कारणास्तव मद्यसेवनाचा परवाना देण्याची तरतूद आहे. डॉक्टर व मद्यपी यांची गाठ कायद्याने घालून दिली, ती मद्य सुटावे यासाठी नव्हे, मद्य मिळावे यासाठी! दुकान बंद झाल्यावर सवयीने जखडलेल्या मनुष्याने काय करावे, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. पुढे १९६० च्या व १९७० च्या दशकांत महाराष्ट्राने दारूबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल केली.

या पर्वात घरच्या स्त्रीचे स्थान फिर्यादीचे झाले. ते पुढे बळकट होत गेले. २००८ च्या शासकीय आदेशान्वये गावातील वा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’च्या बाजूने मत दिल्यास तेथील परवानाधारक दुकान बंद करता येते. हा अधिकार लहान नाही. परंतु तो दुकानावर चालतो; घरातल्या माणसाच्या आजारावर त्याची मात्रा चालत नाही. शिवाय औरंगाबादच्या औद्योगिक वसाहती बीअर व मद्याच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहेत. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाणीपुरवठ्यात निम्मी कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हा या उद्योगाचा व्याप साऱ्या देशाच्या लक्षात आला. गुत्त्याचे रूप बदलले; महसुलाशी असलेले त्याचे नाते कायम राहिले.

३. उपचार

व्यसन हा आजार आहे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर स्थिरावली. अमेरिकेत १९३५ मध्ये बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी परस्परांना आधार देत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सुरुवात केली. भारतात ही संघटना १९५७ मध्ये आली व आज तिच्या मराठी सभा अनेक शहरांत भरतात. डेन्मार्कमध्ये १९४८ च्या सुमारास डायसल्फिरम या औषधाचा गुण ध्यानात आला. ते घेणाऱ्याने मद्य घेतल्यास त्याला तीव्र त्रास होतो. जेलिनेक यांच्या १९६० च्या ग्रंथाने मद्यासक्तीच्या आजारविषयक कल्पनेला शास्त्रीय मांडणी दिली. औरंगाबादेत १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘घाटी’ म्हणून रूढ आहे आणि मराठवाड्यातील गरीब कुटुंब मोठ्या दुखण्यात प्रथम तिकडेच वळते.

उपचाराने पापाचा कलंक पुसट केला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्याने पत्नीला एक नवीनच काम दिले. डायसल्फिरमची गोळी रोज कोणी द्यावयाची? पतीने ती गिळली की नाही, हे कोणी पाहावयाचे? डॉक्टर घरी नसतो. ही जबाबदारी पत्नीवर पडली आणि संसारात पहारेकऱ्याचा व कैद्याचा संबंध शिरला. ‘न कळत दारू सोडवा’ अशा भिंतींवरील जाहिराती या अगतिकतेवरच पोसल्या आहेत. रुग्णाला न सांगता असे औषध अन्नातून देणे त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि रुग्णालयातून बरा होऊन आलेला मनुष्य ज्या घरात परततो, ते घर संशयाने, कर्जाने व भीतीने तसेच ग्रासलेले असते.

४. कुटुंबाचा स्वतंत्र विचार

घरालाही आधाराची गरज आहे, हे प्रथम ओळखले ते घरच्या स्त्रियांनीच. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये मद्यपींच्या नातलगांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ ही निराळी संघटना उभी केली. पतीचे पिणे पत्नीमुळे घडले नाही, ते तिच्या ताब्यात नाही आणि ते बरे करणेही तिच्या हातचे नाही, हा तेथील मूळ विचार आहे.

महाराष्ट्रात फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८० च्या दशकात ‘गर्द’चे संकट वाढले तेव्हा अनिल अवचट यांच्या लेखनाने समाज हादरला. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत त्याला आकार दिला. तेथील ३५ दिवसांच्या निवासी उपचाराबरोबरच रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविण्यात आला. त्याचे महत्त्व तत्त्वतः मोठे आहे. पत्नी येथे पतीची हकीकत सांगण्यापुरती येत नाही. स्वतःचे दुखणे घेऊन येते. समदुःखी स्त्रियांत बसल्यावर प्रथमच तिला कळते की, उधारी फेडणे, मालकाला खोटे निरोप पाठविणे, शेजाऱ्यांपासून सारे लपविणे यांत आपले वर्षानुवर्षांचे बळ खर्ची पडले. व्रताच्या काळातील समूहाची सोबत येथे पुन्हा आढळते. मात्र या वेळी ती पत्नीलाही मिळाली.

कायदाही सावकाश याच दिशेने सरकला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केला, सेवेचा हक्क मान्य केला आणि रुग्णाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार दिला. आता रुग्णाची संमती हा उपचाराचा पाया आहे. घरच्यांनी बांधून आणून टाकावयाचा काळ कायद्यापुरता तरी सरला आहे.

तथापि कायदा व वस्तुस्थिती यांतील अंतर मोठे आहे. केंद्र शासनासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाच्याच वाट्याला कोणत्याही प्रकारचा उपचार आला होता. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० पैकी एकाला. उरलेल्यांचा भार कोणी वाहिला, हे त्या आकड्यांत नोंदलेले नाही.

येथवरच्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. व्रताने पत्नीला साक्षीदार केले, कायद्याने फिर्यादी केले, औषधाने पहारेकरी केले. प्रत्येक मार्गाने तिच्याकडून काही मागितले. तिला काय हवे, हे फार उशिरा विचारले गेले. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाची साधने शोधताना दारूबंदीच्या सभांची इतिवृत्ते व अबकारीचे ताळेबंद सहज हाती लागतात. घाटीच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत पतीला घेऊन उभी असलेली स्त्री त्यांत सापडत नाही. व्यसनमुक्तीचा पुरा इतिहास लिहावयाचा असेल तर अभ्यासकाला त्या रांगेपर्यंत जावेच लागेल.