फाळक्यावरचा लाल दिवा

उसाच्या ट्रॉलीवर रात्री मागून गाडी आदळली की चालकाला बेपर्वा ठरवून आपण मोकळे होतो. परभणी जिल्ह्यापुरता तरी हा निवाडा अपुरा आहे. इथला मागचा दिवा बहुतेक वेळा बसवण्याच्या रीतीमुळे विझतो. बैलगाडीच्या काळात ही अडचण नव्हती. लोखंडी धावेचे चाक कितीही आदळले तरी आसाजवळ टांगलेला कंदील आपल्या कडीत झुलत राही आणि हिसका काचेपर्यंत पोचत नसे. पुढे येलदरीचे धरण झाले, १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झाले, डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्यात आले आणि त्यामागून ऊस वाढला. वाहतूक टायरगाडीवर, मग ट्रॅक्टर-ट्रॉलीवर गेली. दिवा मात्र आता फाळक्याच्या पत्र्याला नट-बोल्टने घट्ट आवळला गेला. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता उंचसखल होतो. प्रत्येक गचका बोल्टमधून थेट दिव्यात जातो. पत्र्याचे भोक लांबट होते, नट सैल पडतो, बल्बची तार तुटते.

यावर जुनाच उपाय आहे: फुगणारा रबरी बुश. रबराच्या नळकांड्यात आतल्या टोकाला पितळी नट बसवलेला असतो. तो भोकात सारून बाहेरून स्क्रू आवळला की नट पुढे ओढला जातो आणि पत्र्यामागे रबर दबून फुगते. पकड घट्ट राहते, शिवाय मागून पाना लावायला हात घालावा लागत नाही. बंद पेटीच्या फाळक्यात ही सोय फार मोलाची आहे. कंदिलाच्या कडीने जे साधले तेच इथे रबर साधते. उन्हात रबर कडक होऊन तडकते हा आक्षेप खरा आहे, आणि चाळिशीपार जाणाऱ्या परभणीच्या उन्हाळ्यात तर अधिकच. पण तडकलेला बुश बदलता येतो, फाटलेल्या पत्र्याला वेल्डिंग लागते. एलईडीत तुटायला तार नसते, तेव्हा बुश कशाला, असेही विचारले जाते. एलईडीचा दिवाही फाटलेल्या भोकातून निखळतोच, आणि लोंबकळला की वायर तुटते. परावर्तक पट्टी हवीच, पण मागच्या वाहनाचा उजेड पडला तरच ती चमकते.

सर्वांत गंभीर अडचण विजेची आहे. धातूच्या बोल्टमधून दिव्याला अर्थ मिळत असे, रबर तो तोडते. वेगळी अर्थची वायर न टाकता बुश बसवला, तर नवा दिवा पहिल्याच दिवशी पेटत नाही आणि खापर रबरावर फुटते. ही वायर चॅसीला जोडणे हे काही मिनिटांचे काम आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालचे १९८९ चे नियम दिवे मागतात, आणि ते योग्यच आहे. मात्र गाळप सुरू होण्याआधी ट्रॉली तपासताना दिवा पेटतो का एवढेच पाहू नये. तो हाताने हलवावा, बुशाच्या कडा बघाव्यात, अर्थची वायर ओढून पाहावी, आणि मगच ट्रॉली फडात पाठवावी.