माळावरची चाके आणि चाकांवरचे घर

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेळगाव फाटा लागतो. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख असून वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम निघाले आणि पुढच्या दशकात पाणी आले. तेव्हापासून इंदापूर तालुक्याची दोन रूपे झाली. कालव्याच्या भिजीत काळी जमीन आणि ऊस, तर भिजीबाहेर मुरमाड माळ. काळ्या रानात पावसाळ्यात चाक तुंब्यापर्यंत रुतते. माळावर ते सहज धावते, पण मुरमाचा पातळ थर उकलून टाकते. चार चाकांना जोर देणारी मुक्कामी गाडी घेऊन आडरानात जाण्याची हौस नवी असली, तरी या जमिनीवर चाक कसे चालवायचे हा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथली बरीच वाहतूक बैलांच्या पाठीवर होई. धान्य आणि मीठ वाहणारे वंजारी, लमाणांचे तांडे संसार बरोबर घेऊनच फिरत. गाड्या होत्या त्या जड, ओबडधोबड, भरीव चाकांच्या. अशा गाडीला अनेक बैल जुंपावे लागत आणि साध्या शेतकऱ्याला ती परवडत नसे. कंपनी सरकारच्या काळात इंग्रज अधिकारी प्रिंगल यांची जमीन पाहणी फसली. सारा न झेपल्याने शेते पडीक पडली आणि कुळे परागंदा झाली. त्यानंतर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पाहणीचा आरंभ इंदापुरातूनच केला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया इथे घातला गेला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच सुमारास गाडीही सुधारली, याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. शेजारच्या सोलापूर भागात टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली हलक्या, स्वस्त गाड्या बनवण्याचा कारखाना निघाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा कमी होणे जितके मोलाचे, तितकेच माल स्वतःच्या गाडीने बाजारात नेता येणेही मोलाचे होते.

पुढे दख्खनभर रूढ झालेल्या गाडीचे चाक म्हणजे सुतार आणि लोहार यांचे जोडकाम. मधल्या तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पाटे बसवायचे आणि शेवटी लोखंडी धाव तापवून लाल करून पाट्यांवर चढवायची. वर पाणी ओतले की धाव आवळते आणि सगळे सांधे एकमेकांत गच्च बसतात. या अरुंद धावेने माळावर ज्या दोन चाकोऱ्या पाडल्या, त्याच पुढे गाडीवाटा झाल्या. १८५८ मध्ये रेल्वे पुण्याहून इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत आली आणि दोन वर्षांत सोलापूरला पोचली. तांड्यांचा व्यापार बसला. गाड्यांना मात्र स्टेशनपर्यंत माल नेण्याचे काम मिळाले.

घर बरोबर घेऊन फिरणे या भागाला कधीच अनोळखी नव्हते. मेंढपाळ धनगर पावसाळा सरला की घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून कोकणाकडे निघतात. ऊसतोड कामगार बीड, पाथर्डीकडून येतात आणि फडाजवळ कोप्या घालून हंगाम काढतात; टायरगाडी दिवसा ऊस वाहते. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी १६८५ मध्ये नारायणमहाराजांनी सुरू केली. आज ती बेलवाडीचे रिंगण आणि अंथुर्णे करत शेळगाव फाट्यावरून निमगाव केतकीकडे जाते. तिच्यामागे चालणारा दिंडीचा ट्रक नीट पाहावा. खाली पातेली, शेगड्या आणि शिध्याची पोती, वर तंबूचे कापड आणि वळकट्या. मागून पाण्याचा टँकर. मुक्कामी पोचताच तासाभरात चूल पेटते. हेही एक जुने आणि मोठे फिरते बिऱ्हाडच, आणि त्याच्या शिस्तीचा अभ्यास अजून व्हायला हवा.

मोटारीच्या इतिहासाशीही या परिसराचे नाते आहे. शेळगावापासून जवळच वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसवले; त्यांनीच १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. चारही चाकांना जोर देणारी जीप मात्र युद्धातून आली. १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी विलीज जीप बनू लागली आणि महायुद्धानंतर महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली. दुसरा गियरदांडा पुढच्या चाकांना जोर देतो; लो गियरमध्ये वेग कमी होतो आणि ओढ वाढते. चिखलात एक चाक जागच्या जागी फिरू लागले, तरी उरलेल्यांतली पकड गाडी बाहेर काढते. साखर कारखाने आणि पाटबंधारे खाते यांच्या कामाला जीप आली ती याच गुणामुळे. जर्मनीत १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपायची सोय होऊ लागली आणि १९८५ मध्ये तिची चारही चाकांना जोर असलेली सिंक्रो निघाली. इकडे पुण्याच्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली. आपल्याकडच्या बऱ्याच मुक्कामी गाड्या तिच्यावरच बांधल्या जातात. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आणले. त्यात गाडी आणि ती उभी करण्याचा तळ, या दोन्हींचा विचार आहे.

गाडीची कसोटी पाहण्यासाठी खास आखलेले मैदान इगतपुरीजवळ महिंद्रांनी उभारले. शेळगावच्या आसपासचा माळ तसा वापरणे मात्र घोर चूक ठरेल. तो ओसाड दिसतो, पण शेजारच्या कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा, लांडगा, खोकड आणि तरस राहतात. चंडोल आणि धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग मुरमासारखा असल्याने चालकाला ती दिसतही नाहीत. रुंद टायरने कुसळी गवताचे ठोंब उपटले की पुढच्या वळवात त्याच चाकोरीतून पाणी धावते आणि दोन-चार पावसाळ्यांत तिथे घळ पडते. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. बारामती तालुक्यातले सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यासाठीच राखले गेले. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. नोंदणी करायची, वाटाड्या घ्यायचा आणि ठरलेल्या वाटेनेच जायचे, अशी तिची रीत. मुक्कामी गाडीच्या तळासाठी वनाची जमीन लागतही नाही. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतावर पाहुणे ठेवायला मान्यता दिली आहे आणि बारामती परिसर त्या व्यवसायात आधीपासून पुढे आहे. दिवाळीनंतर, जमीन वाळून टणक झाल्यावर आणि हिवाळी भोवत्या पक्षी माळावर उतरल्यावर, शेतकऱ्याच्या बांधाशी गाडी उभी करून पहाटे वाटाड्याबरोबर निघणे हाच इथला योग्य क्रम आहे.